बजेटमधला बास ट्रोम्बोन: सिंगल ट्रिगर आत्ता घेऊ का डबलसाठी थांबू?

तिसरी_खुर्ची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. मी टेनर ट्रोम्बोन वाजवतो, एफ ट्रिगरवाला (अंगठ्याने दाबला की व्हॉल्व्ह फिरून जादा नळी जोडली जाते तो), लार्ज बोअर म्हणजे स्लाइडच्या नळीचा आतला व्यास ०.५४७ इंची. आमच्या ग्रुपमधला बास ट्रोम्बोनवाला सोडून गेला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण खालचे सूर मला आवडतात हे मीच कधीतरी बोलून बसलोय. अर्धं काम बिग बँडचं आहे, अर्धं ऑर्केस्ट्राचं. सध्या टेनरवरच ढकलतोय पण घोडं अडतं ते खालच्या सी आणि बी वर. सी साठी स्लाइड पार टोकाला जाते आणि तरी तो वरच वाजतो, आणि बी नॅचरल तर आहेच कुठे, तिथे मी सरळ ऑक्टेव्ह वर वाजवतो आणि आमचे कंडक्टर भुवई उडवतात.

बजेटचं म्हणाल तर नवीन यामाहा झेनो किंवा नवीन बाख ५० चा विषयच नको, त्याच्या निम्म्यातही बसणार नाही. त्यामुळे समोर तीन रस्ते दिसतायत. एक, नावाजलेल्या कंपनीचा सेकंडहँड सिंगल ट्रिगर बास. दोन, साधारण तेवढ्याच पैशात चीनमध्ये बनलेला कोरा करकरीत डबल ट्रिगर, तोसुद्धा इंडिपेंडंट. तीन, थोडे जास्त घालून जुना डबल ट्रिगर पण डिपेंडंट. ह्या इंडिपेंडंट डिपेंडंटचा फरक मला वाचून कळतो पण वाजवताना नेमका किती जाणवतो ते कळत नाही. शिवाय एक जाहिरात दिसलीय, "बास ट्रोम्बोन, एफ ट्रिगर, उत्तम स्थिती", किंमत इतकी कमी की संशय येतो. फोटो बघून बेल, म्हणजे पुढचं पसरट तोंड, साडेआठ इंच असावी असं वाटतं. काय करू?

खर्जवाला

सगळ्यात आधी ती जाहिरात डोक्यातून काढून टाक. साडेआठ इंच बेल आणि एक ट्रिगर म्हणजे तो तुझ्याकडे आहे तसाच टेनर आहे, विकणाऱ्याला ट्रिगर दिसला की तो बास लिहून मोकळा होतो, बऱ्याचदा त्यात लबाडी पण नसते, माहितीच नसते. बासची बेल साधारण साडेनऊपासून सुरू होते, साडेदहापर्यंत जाते, आणि स्लाइडचा बोअर ०.५६२ च्या आसपास. बोअरमधला फरक मिलिमीटरमध्ये अर्ध्याहूनही कमी येतो, फोटोत काय कळणार, म्हणून बेलचं माप मागायचं, टेप लावून काढलेला फोटो मागायचा. आणि अजून एक सापळा म्हणजे जुने ब्रिटिश जी बास ट्रोम्बोन. लांबच लांब स्लाइड आणि ती ढकलायला दांडा. भिंतीवर फार शोभतात, पण पोझिशन्स, म्हणजे स्लाइडच्या ठरलेल्या जागा, सगळ्या वेगळ्या, तुझ्या कामाला शून्य उपयोग.

आता बी ची गोष्ट. टेनर काय आणि बास काय, मूळ नळी तेवढीच लांब, दोन्ही बी फ्लॅटमध्येच. एफ ट्रिगर दाबला की नळी एक तृतीयांशने वाढते आणि नळी वाढली की प्रत्येक पोझिशनचं अंतर पण ताणतं. त्यामुळे स्लाइडवर सातच्या जागी सहाच पोझिशन्स मावतात. खालचा डी साधारण पाचव्यावर मिळतो, डी फ्लॅट सहाव्याच्या थोडा पुढे, सी अगदी काठावर, आणि बी साठी स्लाइडच शिल्लक राहत नाही. म्हणजे तुझ्या टेनरचा दोष नाही आणि सिंगल ट्रिगर बास घेतलास तरी हे गणित जसंच्या तसं राहणार. आवाज रुंद होईल, खालचे सूर मोकळे बोलतील, पण बी येणार नाही.

दुसरा व्हॉल्व्ह ह्यासाठीच असतो. दोन्ही दाबले की वाद्य डी मध्ये जातं, मग डी पहिल्यावर, डी फ्लॅट दुसऱ्या तिसऱ्याच्या मध्ये, सी चौथ्याच्या किंचित पुढे आणि बी पाच सहाच्या मध्ये, एकदम आरामात. डिपेंडंट म्हणजे दुसरा व्हॉल्व्ह पहिल्याच्याच नळीत बसवलेला, पहिला दाबल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. इंडिपेंडंट म्हणजे दोन्ही मुख्य नळीवर एकामागे एक, दुसरा एकटा दाबला तर जी फ्लॅट मिळतो. त्याचा फायदा खरा आहे, एरवी पाचव्या पोझिशनला जाऊन घ्यायचा डी फ्लॅट पहिल्यावरच येतो आणि फ्लॅटवाल्या पट्ट्यांमध्ये हात बराच कमी पळतो. पण ही चैन आहे. बी आणि सी चा प्रश्न डिपेंडंट तेवढाच सोडवतो.

आणि आजकाल सगळ्यांना इंडिपेंडंटच पाहिजे असतो म्हणून चांगले चांगले डिपेंडंट बास मागे पडून राहतात. बाख ५०बी२, होल्टन टीआर-१८०, जुना कॉन ६२एच, किंगचा ड्युओ ग्रॅव्हिस, ह्यातलं काही चांगल्या स्थितीत मिळालं तर डोळे झाकून नाही पण अर्धे झाकून घे. व्यावसायिक लोकांनी ह्यांच्यावर अख्खी करिअर काढलीयत, उघडी नळी वाजवताना वाटेत एकच रोटर (फिरणारा व्हॉल्व्ह) लागतो म्हणून काहीजण तर मुद्दाम तेच शोधतात. माझं मत तिसऱ्या रस्त्याला.

एक_ट्रिगर_पुरे

खर्जवाल्यांचं बी बद्दलचं गणित बरोबर आहे पण त्यावरून सिंगल ट्रिगर बाद करणं मला पटत नाही. आधी तुमच्या फाइलमधली सगळी पानं काढा आणि त्यात खालचा बी किती वेळा येतो ते बघा ना, बिग बँडच्या नेहमीच्या चार्ट्समध्ये तो इतका क्वचित येतो की त्याच्यासाठी डाव्या हाताने एवढं वजन उचलायचं का हा प्रश्न पडतो. जॉर्ज रॉबर्ट्सने स्टॅन केंटनच्या बँडमध्ये बास ट्रोम्बोन काय चीज आहे ते जगाला ऐकवलं, आणि त्यांचं बरंचसं नाव सिंगल ट्रिगरवरच झालंय. दुसरा व्हॉल्व्ह नाही म्हणून त्यांचं काही अडलं असं ऐकताना वाटत नाही.

शिवाय बी हवाच असेल तर एफ ची ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची छोटी सरकती नळी) ई पर्यंत, किंबहुना ई च्याही जरा खाली ओढायची, की बी काठावर मिळतो. लगेच वाजवायचा असेल तर जमणार नाही हे मान्य, पण आधी दोन बार विश्रांती असली की होतं. बार्टोकच्या कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रामधला बी ते एफ ग्लिसांडो (सूर न तोडता घसरत नेणं) समोर आला तर मग ज्याचा त्याने देव आठवावा, तो डबलवाल्यांनाही सरळ जात नाही.

यामाहा वायबीएल-४२१जी सेकंडहँड मिळतो का बघा. सिंगल ट्रिगर, साडेनऊ इंची गोल्ड ब्रास बेल, सूर पक्का, अंगात नखरा नाही. आणि पुढे डबलवर जायचं ठरलं तर विकायलाही सोपा, हे चायनीज डबलचं कुणी सांगणार नाही तुम्हाला.

सोल्डर_आणि_बत्ती

दोघांचं वाचलं. मी दुरुस्तीच्या बाजूचा माणूस, मला व्हॉल्व्ह किती ह्याच्याशी घेणं नाही, वाद्य माझ्या टेबलावर किती वेळा येणार ह्याच्याशी आहे. जुन्या ट्रोम्बोनमध्ये पैसे कुठे जातात तर स्लाइडमध्ये. बेलला पोचे असले तर ते दिसतात आणि त्यावरून भाव पाडता येतो, निम्म्याहून जास्त पोचे आवाजाला काही करत नाहीत. स्लाइड मात्र गुपचूप खाते.

बघायला जाशील तेव्हा हे कर. आधी तेल क्रीम सगळं पुसून स्लाइड कोरडी बघ, विकणारे लोक भरपूर तेल घालून ठेवतात आणि मग काहीही पळतं. बाहेरची स्लाइड काढ, आतल्या दोन नळ्या खिडकीकडे धरून लांबीच्या दिशेने एक डोळा मिटून बघ, उजेडाची जी रेघ पडते ती सरळ पाहिजे, कुठे वाकली म्हणजे नळी तिथे वाकलीय. मग नळ्यांच्या खालच्या टोकाचा जाड भाग असतो, स्टॉकिंग म्हणतात, तिथलं प्लेटिंग बघ. चंदेरी चकाकी जाऊन खालचा पिवळा दिसायला लागला असेल तर ती स्लाइड उतरणीला लागलीय, तिथे पुन्हा प्लेटिंग करून घेणं म्हणजे खर्चाचा खड्डा. त्यानंतर बाहेरची स्लाइड उलटी फिरवून एका वेळी एकच नळी आत घालून सरकव, दुसरी हवेत राहू दे. दोन्ही वेगवेगळ्या छान सरकतात पण एकत्र अडकतात असं असेल तर नळ्या समांतर नाहीत एवढंच, ते बऱ्याचदा सुधारता येतं. एकटी नळी सुद्धा अडकत असेल तर आत पोचा आहे नाहीतर वाक आहे. बाहेरच्या नळीवर टाचणीच्या डोक्याएवढा पोचा असला तरी बोट फिरवून कळतो, डोळ्याला नाही कळत.

दुसरं रेड रॉट. पितळातलं जस्त निघून जातं आणि तांबूस गुलाबी ठिपके राहतात, बहुतेक वेळा मध्ये एक काळपट टिंब. हा रोग आतून बाहेर येतो, म्हणजे बाहेर दिसला तेव्हा आत आधीच पसरलेला असतो. लीडपाइपपाशी, म्हणजे माउथपीस बसतो त्या नळीपाशी, आणि ट्यूनिंग स्लाइडच्या वळणावर टॉर्च मारून बघ, तिथे ओल राहते. पॉलिश करून जाणारी गोष्ट नाही ही, कुणी तसं सांगितलं तर नमस्कार करून निघ.

व्हॉल्व्हचं सोपं आहे. ट्रिगर न दाबता त्या व्हॉल्व्हची ट्यूनिंग स्लाइड झटकन ओढून काढायची. फट् असा आवाज आला तर हवा धरून ठेवतोय, नुसतीच सुळकन निघाली तर गळतोय. मग रोटरचं मागचं टोपण उघडायचं, आत खुणेच्या रेघा असतात, ट्रिगर सोडल्यावर आणि दाबल्यावर दोन्ही वेळा रेघेसमोर रेघ आली पाहिजे. नसेल आली तर बंपर, म्हणजे रोटरला थांबवणाऱ्या छोट्या गाद्या, झिजलेत, ते किरकोळ काम, तेवढ्यासाठी वाद्य नाकारू नकोस. पण रोटर आत बोटाने हलवल्यावर कटकट हलत असेल तर बेअरिंग गेलंय, ते किरकोळ नाही. आणि एखादी स्लाइड जाम असली तर पकड लावून ओढायची नाही रे बाबा, हात जोडतो, तिथून पुढची सगळी वाट लागलेली वाद्यं माझ्याकडेच येतात.

थेयर व्हॉल्व्हवाला स्वस्तात दिसला तर जरा जपून. शंकूसारखे मोठे व्हॉल्व्ह असतात ते, वाजायला मोकळे, पण देखभालीत ढिलाई झालेली असली की गळायला लागतात आणि प्रत्येकाला ते हाताळता येत नाहीत.

चायनीजबद्दल. सरसकट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. काही ठीक निघतात, बऱ्याच ब्रँडच्या नावाखाली तेच कारखाने असतात, आणि जॉन पॅकरची जी मालिका मायकेल राथच्या डिझाइनवर बनते ती माझ्या हाताखालून गेलीय, चांगलं काम आहे. अडचण ही की बिननावाच्या मालात एकाच मॉडेलचे दोन नग सारखे नसतात. एकाचा रोटर लोण्यासारखा, दुसऱ्याचं सोल्डर ताण देऊन बसवलेलं, सहा महिन्यांत सुटतं. आणि मग लिंकेजचा (ट्रिगर आणि रोटर जोडणारा भाग) एखादा स्क्रू हवा असला की माप कुठलंच जुळत नाही. न वाजवता, न बघता मागवायचा असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. समोर ठेवून वाजवून घेता येत असेल आणि परत करायची सोय असेल तर विचार कर.

तिसरी_खुर्ची

बापरे, एवढं सविस्तर, मनापासून आभार. एक_ट्रिगर_पुरे ह्यांच्या सांगण्यावरून काल रात्री सगळी पानं काढली. बिग बँडच्या फाइलमध्ये बी खरंच नगण्य आहे, पण ऑर्केस्ट्राच्या बाजूला बी आहे आणि सी तर भरपूर आहे, आणि तो सुद्धा भराभर येणाऱ्या ओळींमध्ये, तिथे काठावरचा सी पकडायला जाणं म्हणजे माझ्या हाताला झेपणारं नाही. म्हणजे डबलकडे कल झालाय. एक होल्टन टीआर-१८० सापडलाय, दहा इंची बेल, मालक म्हणतो की बंपर नवीन आहेत, बेलवर दोन पोचे आहेत, स्लाइडचे फोटो मागितलेत.

आता दोन शंका. माझं डावं मनगट आधीच कुरकुरतं, डबलचं वजन कसं निभेल? आणि माझा ५जी माउथपीस त्यावर चालेल का, का तो खर्च वेगळा धरायचा?

डावा_अंगठा

मनगटाचं मला विचार, मी लहान हातांची बाई आहे आणि डबल वाजवते. वजनापेक्षा ते कुठे येतं हे महत्त्वाचं आहे. दोन व्हॉल्व्ह म्हणजे सगळा भार डाव्या हाताच्या वर मागच्या बाजूला आणि तो हात एकीकडे वाद्य पेलतोय, दुसरीकडे अंगठ्याने एक ट्रिगर आणि मधल्या बोटाने दुसरा दाबतोय. मधलं बोट ताणून ट्रिगरपर्यंत पोचत असेल तर दुखणारच, मग वाद्य कितीही हलकं असो. जुन्या काही मॉडेल्सवर, ड्युओ ग्रॅव्हिसवर वगैरे, दोन्ही ट्रिगर अंगठ्याकडेच दिलेले असतात, ते काही जणांना अंगवळणी पडतं, मला नाही पडलं. ट्रिगरची पट्टी वाकवून किंवा वर छोटं बटण सोल्डर करून घेता येतं आणि हे काम फार मोठं नाही, सोल्डर_आणि_बत्ती सांगतीलच. निओटेकची ग्रिप मिळते, पट्टा हाताच्या मागून जातो आणि भार बोटांवरून तळव्यावर येतो, मी तीच वापरते. त्याहून जास्त त्रास असेल तर एर्गोबोन, त्याची दांडी कमरेच्या पट्ट्यावर किंवा खुर्चीवर टेकते. दिसायला विचित्र दिसतं पण बसून वाजवणाऱ्याला कोण बघतंय.

बघायला जाशील तेव्हा दोन सूर वाजवून खाली ठेवू नकोस. पंधरा वीस मिनिटं धरून बस, गप्पा मार, दोन्ही ट्रिगर सारखे दाबत रहा. मालकाला कंटाळा आला तर येऊ दे.

माउथपीस. ५जी चा कप साडेपंचवीस मिलिमीटर. शँक, म्हणजे वाद्यात घुसणारं टोक, मोठीच आहे म्हणून बसेल त्यात, पण बासचा आवाज त्यातून निघणार नाही, रुंद नळीत टेनरचा आवाज ऐकू येईल आणि तू उगाच वाद्याला नावं ठेवशील. बाख दीड जी, २७ मिलिमीटर, तिथून सुरुवात कर. लोक तुला १जी नाहीतर शिल्के ६० घ्यायला सांगतील, मोठा माउथपीस म्हणजे मोठा आवाज म्हणतील, ऐकू नकोस. टेनरवरून येणाऱ्याचे ओठ तेवढ्या मोठ्या कपात थकतात, वरचा रजिस्टर जातो आणि खालचा पण नुसता हवेसारखा येतो. आणि गंमत म्हणजे दीड जी तुझ्या सध्याच्या ०.५४७ टेनरमध्येही बसतो. तेव्हा तो आत्ताच घे, वाद्य मिळेपर्यंत टेनरवर रोज थोडा खालचा सराव कर, श्वास किती जास्त लागतो ते कळेल आणि होल्टन हातात येईल तेव्हा निदान माउथपीस तरी अनोळखी नसेल.

एक_ट्रिगर_पुरे

भरभर ओळींत सी असेल तर माझी हार मान्य नाही पण माघार घेतो 🙂 फक्त एवढंच की मनगट खरंच कुरकुरत असेल तर ते दहा इंची बेल आणि दोन रोटर बसून वाजवायचे आहेत का उभं राहून, हे बिग बँडवाल्यांना आधी विचारून घ्या.

सोल्डर_आणि_बत्ती

ट्रिगरला बटण लावायचं काम छोटं आहे, बरोबर. पण ते वाद्य घेतल्यावर आणि महिनाभर वाजवल्यावर कर, आधीच नाही, हात स्वतः जागा शोधतो. बंपर नवीन आहेत म्हणजे रेघा जुळतात असं नाही, टोपण उघडून बघच.

खर्जवाला

टीआर-१८० चांगला सौदा आहे, स्लाइड बरी निघाली तर. एक गोष्ट राहिली. जुन्या डिपेंडंट वाद्यांवर दुसरा व्हॉल्व्ह नेहमी डी लाच लावलेला असतो असं नाही, कुठे ई मिळतो, कुठे ई फ्लॅट, कुठे डी, आधीच्या मालकाने नळी बदललेली पण असू शकते. मालकाला विचारून उपयोग नाही, बहुतेकांना सांगता येत नाही. ट्यूनर घेऊन जा, दोन्ही ट्रिगर दाबून पहिल्या पोझिशनला सूर धर आणि काटा काय दाखवतो बघ. डी आला तर वर मी लिहिलेल्या पोझिशन्स. ई फ्लॅट आला तरी नाकारू नकोस, मग सी पाचव्याच्या जरा पुढे आणि बी सहा सातच्या मध्ये, लांब आहे पण स्लाइडवर आहे. ई आला तर मात्र बी पुन्हा काठावर, तेव्हा केस पूर्ण उघडून सगळे कप्पे शोध, लांब ट्यूनिंग स्लाइड वेगळी दिलेली असते कधी कधी आणि कापडाखाली विसरलेली असते. नसली तर ती नवीन बनवून घ्यायचा खर्च भावातून कमी करून माग.

तिसरी_खुर्ची

स्लाइडचे फोटो आले. स्टॉकिंगवर एका बाजूला पिवळं दिसतंय पण फोटो अंधारातला आहे, झिजलंय का सावली आहे सांगता येत नाही. शनिवारी दिवसा उजेडी बोलावलंय त्यांनी. दीड जी ची ऑर्डर टाकलीय.

सोल्डर_आणि_बत्ती

एकाच बाजूला असेल तर फक्त त्या नळीचं बघ, वर सांगितलं तशी एकटी घालून सरकव. खरखर हाताला लागली तर सोड, नाही लागली तर तेवढ्या पिवळ्यावर अजून बरीच वर्षं निघतात, पण भाव करताना ते पिवळं मालकाला बोट ठेवून दाखव.